सनूसीचं ताट

१

सनूसीचं डोकं फोडलं होतं. एकाच घावात काम झालं होतं, पण मारणाऱ्याचं समाधान झालं नव्हतं. तो खाली पडल्यावरही कुणीतरी मारत राहिलं होतं. सिग्नलच्या केबिनमधल्या लिव्हरच्या रांगेवर, भिंतीवरच्या घड्याळावर, खिडकीच्या काचेवर रक्त उडालेलं होतं.

मी दारात उभा होतो आणि माझ्या तोंडात अजून खजुराची बी होती. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान होऊन थोडाच वेळ झाला होता. अलेक्झांड्रियाहून आलेली गाडी सिग्नल पडत नाही म्हणून बाहेर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होती. म्हणून मी सूप अर्धं टाकून जिना चढलो होतो. मेलेल्या माणसापुढे थुंकायचं कसं, म्हणून ती बी मी काढून खिशात टाकली.

मी बय्यूमी. अबू कीरच्या लोकल मार्गावर सीदी मजाहिम नावाचं स्टेशन आहे, तिथला रेल्वे पोलिसांचा हवालदार. सनूसी माझ्या आधीपासून त्या केबिनमध्ये होता. तोंडाचा फटकळ, सिगारेटीवर जगणारा, आणि खोटं बोलायचा मनापासून कंटाळा असणारा माणूस. असल्या माणसाला शत्रू असतात, पण मारेकरी असावा असं मला वाटलं नव्हतं.

टेबलावर त्याचं इफ्तारचं ताट होतं. सुपाचा वाडगा रिकामा, भात आणि भेंडी-मटणाची थाळी रिकामी, जर्दाळूच्या सरबताचा पेला रिकामा. बशीत खजुराच्या बिया. राखदाणीत एक सिगारेट जागच्या जागी जळून गेली होती, तिची राख न मोडता तशीच आडवी पडली होती. कोपऱ्यातला मातीचा माठ उघडा आणि कोरडा, त्याच्याभोवती जमिनीवर ओल. बिचारा पोटभर जेवला आणि मग मेला, एवढंच माझ्या मनात आलं.

आणि त्याच्या पायाशी रूळ आवळायचा लांब पाना पडला होता, मुठीला निळी चिंधी गुंडाळलेला. तो पाना कुणाचा हे सगळ्या स्टेशनला ठाऊक होतं.

माझ्या मागून जिना चढून शेहाता आला होता. मासळीवाला शेहाता. त्यानं प्रेत पाहिलं, पाना पाहिला, आणि मी त्याचं तोंड दाबायच्या आत तो खिडकीतून ओरडला, "वनीसनं सनूसीला मारलं! अरे, वनीसनं मारलं!"

२

वनीस फाटकवाला. रस्ता रुळांना छेदतो तिथे त्याची खोपी आहे. वनीस ख्रिस्ती, आणि रमजानमध्ये आमच्या स्टेशनची एक रीत होती. अजान झाली की फाटक, घंटा, फलाट, सगळ्यांची राखण एकटा वनीस करायचा आणि आम्ही सगळे फलाटामागच्या धर्माच्या पंगतीला बसायचो. "जा रे, घशात दोन घोट ओता. तुमची तोंडं बघवत नाहीत," असं तो म्हणायचा. ईस्टरला आम्ही त्याची फेड करायचो. हे कुणी ठरवलं नव्हतं. तसं चालत आलं होतं.

म्हणूनच अजानीनंतर स्टेशनातली सगळी माणसं एकमेकांच्या डोळ्यांसमोर जेवत होती आणि वनीस तेवढा एकटा होता.

शिवाय रदवाचं प्रकरण होतंच. शेहाताची मुलगी रदवा गेल्या महिन्यात त्याच फाटकात गाडीखाली गेली होती. गाडी येत असताना फाटक उघडलं कसं, याची चौकशी दुसऱ्या दिवशी व्हायची होती आणि सनूसी तिथे साक्ष द्यायचा होता. वनीसच्या विरुद्धच देणार, असं बाजारात बोललं जात होतं. एवढ्या लाकडांना काडी लावायला शेहाताची एक आरोळी पुरली.

मी खाली पोचेपर्यंत वनीसला खोपीतून ओढून काढलं होतं. पंगतीतली माणसं, ज्यांच्या मिशांना अजून सूप लागलेलं होतं, ती त्याला लाथा घालत होती. कुणी फाटकाच्या साखळीनं हाणत होतं. शेहातानं मासळी ओढायचा आकडा त्याच्या गालात घातला आणि ओढला. वनीस ओरडत नव्हता. तो दोन्ही हातांनी डोकं झाकून एकच म्हणत होता, "सनूसीला काय झालं? मला सांगा तरी, सनूसीला काय झालं?"

माझ्या आधी तिथे हाज्जा इन्शिराह पोचली. पंगतीचा सगळा स्वयंपाक तीच करते. तिनं उकळत्या सुपाचं पातेलं उचलून आणलं आणि सरळ गर्दीवर भिरकावलं.

"हाडं मोडीन एकेकाची!" ती किंचाळली. "माझं मीठ खाऊन अजून गिळलं नाहीत, आणि माणूस मारायला निघालात? लाजा धरा रे, रोजे धरण्यापेक्षा!"

भाजलेले मागे सरले. मी हवेत गोळी झाडली, वनीसच्या काखेत हात घातला आणि त्याला ओढत नेऊन कंदिलांच्या खोलीत कोंडलं. त्याचा एक डोळा दिसतच नव्हता.

स्टेशनमास्तर हाज्ज दसूकी, हज करून आलेले, दारापुढे हात पसरून उभे राहिले. पांढरी दाढी, कपाळावर नमाजाचा घट्टा. "लेकरांनो, कायद्याला त्याचं काम करू द्या," ते कळवळून म्हणाले. "खुनी असला तरी त्याला फाशी सरकारनं द्यायची असते, आपण नाही."

गर्दी तेवढी थांबली. पण हलली नाही. खोलीचं दार जुनं होतं, बिजागरं गंजलेली होती, आणि माझ्याकडे गोळ्या फार नव्हत्या.

३

मेजर राईफ आले ते मोटारसायकलच्या जोडगाडीत बसून, कारण ते साध्या मोटारीत मावले तरी उतरताना त्रास व्हायचा. रेल्वे पोलिसांतला हा माणूस साखरेचा रोगी. डॉक्टरनं रोजे बंद केलेले, त्याचं त्यांना एवढं वाईट वाटे की दिवसा औषधाची गोळीसुद्धा ते कपाटामागे जाऊन घेत.

"बाशा, तुरुंगाची गाडी?" मी विचारलं. मोठ्या अधिकाऱ्याला आम्ही बाशाच म्हणतो.

"इफ्तारची वेळ आहे, बय्यूमी. ड्रायव्हर जेवतोय. कुणीतरी जेवलेला माणूस मिळेपर्यंत तुझं दार टिकेल ना?"

"माझं दार की वनीस, बाशा?"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि केबिनचा जिना चढायला घेतला. प्रत्येक पायरीला थांबत गेले. आत गेल्यावर त्यांनी प्रेताला हात लावला नाही, टेबलापाशीच उभे राहिले. बशी उचलून दिव्याखाली धरली. मग राखदाणी. मग माठात हात घातला.

"ह्याला शेवटचं जिवंत कुणी पाहिलं?"

ती हाज्जा इन्शिराह होती. आम्ही तिला वर बोलावलं. प्रेताकडे पाठ करून ती बोलली.

"ताट मीच आणून ठेवलं. अजानीला अवकाश होता, शेवटची गर्दीची गाडी नुकतीच गेली होती. हा खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होता. म्हणाला, हाज्जा, जीभ टाळूला चिकटलीय, आज सगळा माठ पिईन. मी म्हटलं, पी बाबा, स्टेशनात तेवढंच पाणी आहे."

"म्हणजे?"

"सकाळपासून नळाला थेंब नाही, बाशा. स्वयंपाकाला मशिदीतनं डबे वाहून आणले मी. माझ्या कमरेला विचारा." ती दारापाशी थांबली. "एक मेलं कोडंच आहे. रोज माझ्या पंगतीभोवती मांजरांची फौज असते. आज एक शेपूट दिसलं नाही. मांजरांना कळतं म्हणतात."

"मांजरांना पुष्कळ कळतं," मेजर म्हणाले. "कुठे गेली होती ती?"

"इथेच होती, केबिनमागे. मगापासून भांडताहेत."

नंतर हाज्ज दसूकी आले. त्यांनी प्रेतासाठी दुआ मागितली, डोळे पुसले.

"मला कुणाविरुद्ध बोलायचं नाही, बाशा. वनीस माझ्या मुलासारखा. पण सनूसी उद्या काय सांगणार होता, ते मला त्यानं स्वतः सांगितलं होतं. फाटक वनीसनं कुणालाही न विचारता उघडलं, असं. भीतीपोटी माणूस काय करील, अल्लालाच ठाऊक."

"अजानीच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"पंगतीला. ह्या बय्यूमीच्या मांडीला मांडी लावून."

ते खरं होतं. अजानीचा पहिला सूर आला आणि हाज्ज माझ्या शेजारी येऊन टेकले. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, वुजू करून आले असणार, नमाजाआधी हातपाय धुतात तो. आपल्या हातानं त्यांनी मला खजूर दिला होता. माझ्या तोंडात होती ती त्याच खजुराची बी.

खालून दारावर पहिला दगड बसल्याचा आवाज आला.

४

कंदिलांच्या खोलीत वनीस भिंतीला टेकून बसला होता. बरगड्या मोडल्या असाव्यात, तो वाक्य तोडून तोडून बोलत होता.

"पाना माझाच," तो म्हणाला. "खोपीच्या मागे टेकवलेला असतो. कुणीही न्यावा."

"तू अजानीनंतर काय केलंस?" मेजरांनी विचारलं.

"फाटक धरलं. रोज धरतो तसं."

"कुणी पाहिलं?"

"कोण पाहणार, बाशा? अजानीनंतर ह्या शहरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं." तो हसायला गेला आणि फाटका गाल धरून गप्प झाला.

"आणि अजानीआधी?"

"अजानीआधी शेहाता. रोज तो येऊन माझ्यापुढे उभा राहतो. मुलगी गेल्यापासून. फाटकापाशी येतो, माझ्या तोंडाकडे बघत राहतो, शिव्या देतो. मी मान खाली घालून ऐकतो. आजही अजानीआधीची शेवटची गाडी गेली तशी त्यानं माझी कॉलर धरली, ती अजान होईपर्यंत. मग थुंकला आणि पंगतीला गेला."

मी अस्वस्थ झालो होतो. बाहेर कुणीतरी "जाळा खोली!" म्हणत होतं, आणि कंदिलांच्या खोलीत रॉकेल भरपूर असतं.

"फाटक का उघडलंस रे तू त्या दिवशी?" मी न राहवून विचारलं. "एवढी वर्षं कधी चुकला नाहीस."

वनीसनं उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "फोन आला होता. गाडी अजून लांब आहे, पलीकडे मोठ्या साहेबाची मोटार खोळंबलीय, उघड. मी उघडलं. फोनची तार एकच, केबिनमध्येही वाजतो. सनूसीनं ते ऐकलं. काल मला म्हणाला, वनीस, उद्या मी खरं सांगणार, आणि मग ज्याची त्यानं आपली दाढी सांभाळावी."

"फोन कुणाचा?" मेजर म्हणाले.

"सनूसी सांगणार होता म्हणून माझ्या सांगण्याला किंमत होती, बाशा. आता मी नाव घेतलं तर म्हणतील, खुनी चांगल्या माणसावर ढकलतोय. माझी बायको-पोरं ह्याच गल्लीत राहतात."

त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. दाराच्या फटीतून रॉकेलात भिजवलेली जळती चिंधी आत आली. मी ती बुटाखाली चिरडली, पण मागोमाग दुसरी आली.

५

"मला वेळ हवाय, थोडाच," मेजर म्हणाले. त्यांनी बाहेर येऊन गर्दीला एवढंच सांगितलं की खुनी कोण ते मला कळलंय, आणि मेलेल्या मुलीच्या बापाचा हक्क म्हणून मी ते आधी शेहाताला सांगणार. शेहाता पुढे आला. हाज्ज दसूकींनाही त्यांनी आदरानं सोबत घेतलं. म्होरक्याच वर गेला तशी गर्दी दम खाऊन राहिली.

केबिनमध्ये प्रेतावर चादर टाकली होती. मेजर सनूसीच्या खुर्चीत बसले.

"बय्यूमी, तुझ्या खिशात काय आहे?"

मी चपापलो. मला खिशात हात घालताना त्यांनी कधी पाहिलं कोण जाणे. मी ती बी काढून टेबलावर ठेवली. चोखून चोखून लख्ख झालेली, कोरडी, गुळगुळीत.

त्यांनी तिच्याशेजारी बशीतल्या बिया ओतल्या. त्यांना गर चिकटलेला होता. सालीचे तुकडे होते. नखांनी उकरल्याच्या खुणा होत्या.

"शेहाता, तू दिवसभर रोजा धरतोस. पहिल्या खजुराचं काय करतोस?"

"चोखतो. बी गोडाळते तोवर चोखतो," शेहाता गुरगुरला. "हे काय लावलंय, बाशा?"

"ह्या बियांना कुणाचं तोंड लागलेलं नाही. कुणीतरी बोटांनी सोलून बिया तेवढ्या बशीत ठेवल्या. आणि ही सिगारेट बघ. सनूसीसारख्या माणसाची दिवसातली पहिली सिगारेट. ती तो बोटं भाजेपर्यंत ओढील. ही पेटवून ठेवलीय आणि आपली आपण जळलीय. एक झुरका नाही. बय्यूमी, मागची खिडकी उघड."

मी उघडली, कंदील खाली धरला. भिंतीवरून सुपाचा ओघळ उतरला होता. खाली भात, भेंडी, खजुराचा गर, आणि त्यावर सीदी मजाहिमची झाडून सगळी मांजरं.

"सनूसी जेवलाच नाही," मेजर म्हणाले. "तो जेवला असं आपल्याला वाटावं म्हणून ताट रिकामं केलं. का? जेवला म्हणजे अजानीनंतर जिवंत होता. अजानीनंतर मेला म्हणजे पंगतीतले सगळे सुटले आणि एकटा वनीस अडकला. आता सांग शेहाता, वनीसनंच खून केला असता तर स्वतःच्या गळ्यात फास बसवणारं हे नाटक त्यानं कशाला रचलं असतं?"

शेहातानं वाकून बशीतल्या बिया पाहिल्या.

"खून अजानीआधी झाला. हाज्जा इन्शिराह खाली उतरल्यापासून अजान होईपर्यंतच्या वेळात. त्या वेळात वनीस कुठे होता?"

"मला काय माहीत?"

"तुला नाही तर कुणाला माहीत असणार? त्याची कॉलर कुणाच्या हातात होती?"

मी शेहाताचा चेहरा पाहत होतो. त्याला समजायला वेळ लागला. मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यात अजून तो आकडा होता, आणि आकड्यावर वनीसच्या गालाचं रक्त वाळलेलं होतं.

"माझ्या हातात," तो म्हणाला. "सगळा वेळ."

"मग तूच त्याचा साक्षीदार. जगात तुझ्याशिवाय त्याला दुसरा नाही."

६

हाज्ज दसूकी दाराजवळ सरकले होते. "अल्लाची कृपा," ते म्हणाले. "निरपराध वाचला. मी खाली जाऊन लोकांना सांगतो."

"बसा, हाज्ज," मेजर म्हणाले. "अजून माठाचं राहिलं."

"माठाचं काय?"

"तो रिकामा आहे. सनूसी तर थेंबही प्यायला नाही. मग पाणी गेलं कुठे? कोपऱ्यात ओल आहे, चादरीच्या टोकानं पुसून बघितली मी, गुलाबी होते. खुन्यानं हात धुतले. दुसरं पाणी स्टेशनात नव्हतंच. आणि मग तो ओल्या बाह्यांनी इफ्तारला जाऊन बसला."

हाज्जनं दिलेला खजूर मी बिस्मिल्ला म्हणून तोंडात टाकला होता. "तुमच्या बाह्या ओल्या होत्या," मी म्हणालो. "कोपरापर्यंत. मला वाटलं वुजू केलात."

"केलाच होता! मशिदीत!"

"मशिदीतून आलात तर फलाटाच्या त्या टोकानं आला असतात. तुम्ही माझ्या पाठीमागून आलात. केबिनकडून."

"बय्यूमी, तू माझ्यावर आळ घेतोस?" त्यांचा आवाज चिरकला. "आज इतकी वर्षं माझा एक रोजा चुकला नाही. मी रोजेदार माणूस! रोजा तोंडात धरून मी असलं काम करीन?"

"तेच तर सांगतोय मी, हाज्ज," मेजर हळूच म्हणाले. "रोजेदारच होता तो. दुसऱ्या कुणी दोन खजूर खाल्ले असते, सिगारेटचे चार झुरके मारले असते, आणि मी कायमचा फसलो असतो. ह्यानं माणसाच्या डोक्याचा भुगा केला. पण अजान व्हायची होती, म्हणून खजूर ओठाला लावला नाही."

मला हे ऐकून हसू आलं असतं, पण आलं नाही. महिनाभर रोजे धरलेला माणूस मला माहीत आहे. मन काहीही म्हणो, तोंडच उघडत नाही. मी असतो तरी तसंच केलं असतं, हे कळून मला स्वतःचीच किळस वाटली.

"फाटक उघड असा फोन तुम्ही केला होतात," मेजर म्हणाले. "सनूसीनं ऐकला. उद्या तो सांगणार होता."

"फोन?" शेहाता म्हणाला. "कसला फोन?"

हाज्जनं टेबलावरचा जळता कंदील उचलून मेजरांच्या तोंडावर हाणला. काच फुटली, मेजर खुर्चीसकट मागे कोसळले, त्यांच्या दाढीनं पेट घेतला. मी चादर ओढून त्यांच्या तोंडावर दाबली, सनूसीच्या अंगावरचीच. तेवढ्यात हाज्ज जिन्यावर होते आणि गळा फाडून ओरडत होते, "वनीसचे साथीदार आहेत वर! मेजरला मारलं! जाळा त्याला, जाळा आधी!"

गर्दीला दुसरं काय हवं होतं? बिजागरं तुटल्याचा आवाज आला. रॉकेलचा डबा कुणीतरी उचलला होता. मी जिन्यावरून धडपडत निघालो, पण मी पोचणार नव्हतो, हे मला दिसत होतं. वनीसला केस धरून उंबऱ्यावर आणलं होतं, आणि हाज्जनं स्वतःच्या हातानं डबा त्याच्या अंगावर ओतला.

"थांबा!"

शेहाता केबिनच्या खिडकीत उभा होता. ज्या खिडकीतून त्यानं पहिली आरोळी ठोकली होती, तिथेच.

"वनीसनं मारलं नाही! त्याला मी धरून ठेवलं होतं! माझ्या रदवाच्या शपथेनं सांगतो, मी धरून ठेवलं होतं! हाज्जला धरा! माझ्या पोरीला त्यानं मारलं!"

लोक थबकले. तेवढ्यात मी पोचलो. हाज्जच्या हातात पेटती काडी होती. मी बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर घातला आणि दात तुटल्याचं मला हाताला जाणवलं. ते खाली पडले तरी काडी हातात होती, म्हणून मी त्या हातावर पाय दिला आणि बोटं मोडेपर्यंत काढला नाही. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

मग मात्र उलटंच काम करावं लागलं. आकडा घेऊन धावत येणाऱ्या शेहाताला आम्ही चौघांनी जमिनीवर दाबून धरलं. तो माती चावत रडत होता.

७

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. वनीसचा डोळा गेला होता. गाल शिवला होता, छातीला पट्टे होते. बायको उशाशी बसली होती, मला बघून ती उठली आणि काही न बोलता खिडकीपाशी गेली. तिनं बोलावं असं मी काही केलं नव्हतं. दार तुटण्याआधी मी पोचलो नव्हतो.

शेहाता दारात उभा होता. सकाळपासून उभा आहे, असं नर्स म्हणाली. आत येत नव्हता, जात नव्हता. फाटकापाशी उभा राहायचा तसाच, फक्त आता मान त्याची खाली होती.

मी वनीसला सगळं सांगितलं. हाज्जनं कबूल केलं, मेजर अर्ध्या दाढीनं हिंडताहेत, मांजरांना आज कुणी हाकललं नाही. तो ऐकत होता असं वाटेना.

"बय्यूमी," तो मध्येच म्हणाला, "सनूसीनं पाणी तरी प्यायलं होतं का?"

खोटं सांगावं असं मला वाटलं. पण मेलेल्या माणसाला खोट्याचा कंटाळा होता.

"नाही. उपाशीच गेला. त्याच्या पाण्यानं हाज्जनं हात धुतले. तो जेवला नव्हता म्हणून तू सुटलास, वनीस."

लाथा खाताना जो ओरडला नव्हता तो आता भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. पट्ट्यांमुळे त्याला नीट रडताही येईना.

"मी दुसरं काय करत होतो रे?" तो म्हणाला. "फाटक धरायचो ते एवढ्याचसाठी. अजान झाली की त्यानं घोटभर पाणी प्यावं. एवढ्याचसाठी."

मी त्याचा हात धरून बसून राहिलो. बाहेर उन्हं उतरली, रस्त्यातली मोटारींची बोंबाबोंब वाढली आणि मग एकदम थांबली. अजान सुरू झाली. मी हललो नाही. मला प्यायची इच्छाच नव्हती.

वनीसनं चाचपडत उशाजवळचा पेला उचलला आणि माझ्या हातात दिला. "पी. अजान झाली."

मी प्यालो. त्यानं दाराकडे पाहिलं, बराच वेळ.

"त्यालाही दे," तो म्हणाला. "माझ्या हातून नको. तू दे."

मी पेला भरला आणि शेहाताला नेऊन दिला.